मैदानावरील रंग आणि कर्करोगाची जाणीव : एक चिकित्सा

प्रस्तावना :

क्रीडाप्रेक्षकाने सामन्याच्या दिवशी ठरावीक रंगाची वस्त्रे परिधान करून कर्करोगविषयक जनजागृतीस हातभार लावावा, ही कल्पना गेल्या दोन दशकांत प्रामुख्याने क्रिकेटच्या मार्गाने भारतात येऊन पोहोचली आहे. सिडनी व जोहान्सबर्ग येथील गुलाबी, लॉर्ड्स येथील लाल आणि अहमदाबाद येथील फिकट जांभळा हे रंग दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आज श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षकालाही परिचित झाले आहेत. शाळा-महाविद्यालयांचे जिमखाना विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनाही असा एखादा ‘रंगाचा दिवस’ साजरा करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ही कल्पना चांगली आहे, हे कोणीही मान्य करील. आणि कोणीही सहज मान्य करील अशी असल्यामुळेच तिची चिकित्सा फारशी होत नाही. प्रेक्षकाने रंग घालावा की घालू नये, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या आत ‘जाणीव’ म्हणजे काय, ती कोणाला द्यावयाची आणि ती दिल्यानंतर त्या माणसाने कोठे जावयाचे, हे तीन प्रश्न दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे मैदानावरील रंगाची तपासणी केली आहे.

रंग परिधान करण्याची परंपरा मराठी समाजाला नवी नाही. वारीतील भगवी पताका, संक्रांतीची काळी चंद्रकळा, विजयी मल्लाचा फेटा, निषेधाची काळी फीत ही सर्व रंगभाषेचीच उदाहरणे होत. या शतकाच्या पहिल्या दशकात एका मराठी दैनिकाने नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर करण्यास प्रारंभ केला आणि अल्पावधीतच कार्यालये, बँका, लोकलचे डबे व महाविद्यालयांचे स्टाफरूम त्या त्या दिवशी एकाच रंगात दिसू लागले. या प्रथेला कोणताही धर्मशास्त्रीय आधार नव्हता, तरीही ती रुजली. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, सामूहिकपणे रंग घालण्याची ओढ मराठी समाजात प्रबळ आहे. दुसरी, अशी ओढ अर्थावाचूनही टिकू शकते. रंग घातला म्हणजे अर्थ पोहोचला, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सिडनीचा गुलाबी : रंगामागची व्यवस्था

मैदानावरील गुलाबी रंगाचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणून सिडनी कसोटीचा उल्लेख करावा लागतो. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज ग्लेन मॅकग्रा याची पत्नी जेन हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. या दाम्पत्याने २००५ मध्ये मॅकग्रा फाउंडेशन स्थापन केले. जेनचे निधन जून २००८ मध्ये झाले आणि जानेवारी २००९ मधील दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सिडनी कसोटीपासून ‘गुलाबी कसोटी’ची परंपरा सुरू झाली. सामन्याचा तिसरा दिवस जेनच्या नावाने ओळखला जातो. त्या दिवशी प्रेक्षागृह गुलाबी होते. भारतीय संघही ही कसोटी अनेकदा खेळला असून जानेवारी २०२५ मधील सामना तर नेमका याच तिसऱ्या दिवशी, ऑस्ट्रेलियाच्या विजयाने, संपला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब रंगाची नसून पैशाच्या प्रवासाची आहे. प्रेक्षकांकडून गोळा होणारा निधी प्रशिक्षित परिचारिकांच्या नेमणुकीसाठी वापरला जातो. या परिचारिका रुग्णाच्या निदानापासून उपचारापर्यंत त्याच्यासोबत राहतात आणि रुग्णाला त्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. गुलाबी टोपी घातलेल्या प्रेक्षकाला आपल्या टोपीचे पुढे काय होते, हे एका वाक्यात सांगता येते : ‘परिचारिका’. कोणत्याही प्रतीकाला इतके ठोस एकशब्दी उत्तर असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय त्या रंगामागे एक नाव असलेली स्त्री आहे. तिचा नवरा त्याच मैदानावर खेळलेला आहे. प्रेक्षकाला तिच्याविषयी वाटणारी आत्मीयता जाहिरात संस्थेने घडविलेली नाही. लॉर्ड्सवर २०१९ पासून प्रेक्षक जो लाल रंग घालतात, त्यामागेही इंग्लंडचा माजी कर्णधार अँड्र्यू स्ट्रॉस याची फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन पावलेली पत्नी रूथ हिची स्मृती आहे. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा रोग होतो, ही एक नेमकी, अनेकांना अपरिचित असलेली माहिती त्या रंगाशी जोडलेली आहे.

जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावरील गुलाबी एकदिवसीय सामन्यांचे उदाहरण मात्र थोडे संमिश्र आहे. या सामन्यांतून तेथील शार्लट मक्सेके रुग्णालयाच्या स्तनचिकित्सा विभागाला साहाय्य मिळते, ही बाब निःसंशय स्वागतार्ह होय. तथापि १८ जानेवारी २०१५ च्या गुलाबी सामन्याचे स्मरण क्रिकेटरसिक कशासाठी करतात? ए. बी. डिव्हिलियर्सने वेस्ट इंडीजविरुद्ध ३१ चेंडूंत ठोकलेल्या शतकासाठी. खेळ प्रतीकाला गिळतो. हा खेळाचा दोष नव्हे, तो खेळाचा स्वभाव आहे. म्हणूनच प्रतीकाच्या मागे खेळाच्या विस्मृतीतही चालू राहणारी व्यवस्था हवी.

गुलाबी फितीचा पूर्वेतिहास

मैदानावर येण्यापूर्वी हा रंग फितीच्या रूपाने अमेरिकेत अवतरला आणि त्याची जन्मकथाच पुरेशी बोलकी आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी शार्लट हेली नावाच्या एका अमेरिकन वृद्धेने घरच्या घरी पीच रंगाच्या फिती तयार करून वाटण्यास प्रारंभ केला. फितीसोबतच्या पत्रावर भावनिक आवाहन नव्हते, हिशेब होता. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक १.८ अब्ज डॉलरचे असून त्यातील केवळ ५ टक्के रक्कम प्रतिबंधावर खर्च होते, हे तिला लोकांच्या लक्षात आणून द्यावयाचे होते. एका नियतकालिकाने आणि एका प्रसाधन कंपनीने ती फीत वापरण्याची परवानगी मागितली. हा उपक्रम फार व्यापारी होईल, या कारणास्तव हेलीने नकार दिला. तेव्हा कायदेशीर सल्ला घेऊन रंग बदलण्यात आला आणि १९९२ मध्ये गुलाबी फीत प्रचारात आली. पीचचा गुलाबी होताना पत्रावरील हिशेब तेवढा गळून पडला.

पाश्चात्य समीक्षकांनी या प्रक्रियेचा कठोर समाचार घेतला आहे. स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बार्बरा एरनराइक यांनी २००१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातील निबंधात गुलाबी संस्कृतीच्या सक्तीच्या आनंदीपणावर टीका केली. समंथा किंग यांचा ‘पिंक रिबन्स, इन्क.’ हा ग्रंथ २००६ मध्ये, तर गेल सुलिक यांचा ‘पिंक रिबन ब्लूज’ २०१० मध्ये प्रकाशित झाला. या लेखनाचा मुख्य रोख असा की, रोगाचे रूपांतर ग्राहकोपयोगी वस्तूत झाले की रोगाची कारणे, उपचारांची उपलब्धता आणि सार्वजनिक खर्च हे अवघड प्रश्न बाजूला पडतात. मराठीत या ग्रंथांची चर्चा फारशी झालेली नाही. ती व्हावयास हवी, परंतु ती जशीच्या तशी उचलूनही चालणार नाही. अमेरिकेत प्रश्न अतिजाणिवेचा होता. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अजून पहिली तपासणीच व्हावयाची आहे.

सुझन सोंटॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या ग्रंथात रोगाला चिकटणाऱ्या युद्धरूपकांची जी मीमांसा केली, ती मात्र मराठीला तंतोतंत लागू पडते. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांमध्ये इतका रुळला आहे की त्यातील क्रौर्य जाणवेनासे झाले आहे. मृत व्यक्ती हरली, म्हणजे कदाचित तिने पुरेशी झुंज दिली नाही, असा त्याचा ध्वनी निघतो. मैदानावर तर हे रूपक अधिकच बळावते, कारण तेथे जय-पराजयाखेरीज दुसरी भाषाच नसते. युवराज सिंग २०१२ मध्ये उपचार घेऊन त्याच वर्षी भारतीय संघात परतला, ही घटना खरोखरच असामान्य आहे. त्याने पुढे कर्करोगविषयक कार्यास वाहिलेली संस्थाही उभारली. परंतु बोस्टन व इंडियानापोलिस येथे उपचार घेऊ शकलेल्या खेळाडूची कथा ‘जिद्द असेल तर कर्करोग हरतो’ अशा बोधवाक्यात सांगितली गेली की, उशिरा निदान झालेल्या एखाद्या ऊसतोड मजुराच्या पदरी नुसती जिद्द देऊन समाज मोकळा होतो.

भारतीय मैदानावरील रंगांचे स्थलांतर

इंडियन प्रीमियर लीगमध्ये कर्करोग जागृतीचा रंग अनेकदा अवतरला. २०१५ च्या हंगामात युवराज सिंग ज्या संघात होता त्या दिल्ली डेअरडेव्हिल्सने एका सामन्यात फिकट जांभळा पोशाख घातला. त्या हंगामात श्रीरामपूरचा झहीर खानही त्याच संघात होता. ११ मे २०१८ रोजी जयपूर येथे चेन्नईविरुद्धच्या सामन्यात राजस्थान रॉयल्सने आपला निळा पोशाख बाजूला ठेवून गुलाबी रंग परिधान केला. मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांविषयी जागृती हा त्यामागील घोषित हेतू होता. त्या संघाचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे, म्हणजे संगमनेर तालुक्यात जन्मलेला, तत्कालीन अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा भूमिपुत्र. जिल्ह्यातील क्रिकेटप्रेमींनी तो सामना आपुलकीने पाहिला असणार, यात नवल नाही. निवडलेले तीन कर्करोगही योग्य होते. ग्रामीण महाराष्ट्रासाठी याहून नेमकी निवड करता आली नसती.

पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. २०१९ च्या हंगामापासून राजस्थान रॉयल्सने गुलाबी हाच आपला कायमचा रंग म्हणून स्वीकारला. जयपूर ही गुलाबी नगरी असल्याने त्यास स्थानिक समर्थनही होते. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये याच संघाने बंगळूरुविरुद्धच्या एका सामन्यात संपूर्ण गुलाबी पोशाख घातला, तो ग्रामीण राजस्थानातील स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी आणि घरांना सौरऊर्जा पुरविण्यासाठी. हा उद्देशही प्रशंसनीयच आहे. संघाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न चिन्हशास्त्रीय आहे. एकच गुलाबी २०१८ मध्ये कर्करोग, २०१९ मध्ये संघाची ओळख आणि २०२४ मध्ये सौरऊर्जा असा अर्थ धारण करीत असेल, तर प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने त्या रंगातून नेमके काय वाचावयाचे?

गुजरात टायटन्सच्या फिकट जांभळ्या रंगाची परंपरा अधिक सातत्याची आहे. १५ मे २०२३ रोजी सनरायझर्स हैदराबादविरुद्ध अहमदाबाद येथे हा पोशाख प्रथम घातला गेला आणि शुभमन गिलच्या शतकाने तो सामना गाजला. १३ मे २०२४ चा कोलकात्याविरुद्धचा सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला. २२ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध हीच प्रथा पुन्हा पाळली गेली. प्रेक्षकांना त्या रंगाचे झेंडे व पोशाख वाटण्यात आले. सातत्य ही या उपक्रमाची जमेची बाजू होय. परंतु अर्थाची अनिश्चितता येथेही आढळते. २०२३ च्या वृत्तांमध्ये हा रंग अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडला गेला. अन्यत्र तोच सर्व प्रकारच्या कर्करोगांचा रंग मानला जातो. अन्ननलिकेच्या कर्करोगाची लक्षणे, त्याचा तंबाखू व मद्याशी असलेला संबंध, गिळताना त्रास होऊ लागल्यास करावयाची तपासणी यांपैकी किती माहिती झेंड्यासोबत घरी गेली, हाच खरा निकष ठरावा.

मैदान काय विकते?

रंगाची परीक्षा करताना त्याच मैदानाच्या सीमारेषेवर काय लिहिलेले असते, इकडेही पाहावे लागते. भारतीय क्रिकेट आणि तंबाखू यांचा संबंध जुना आहे. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा विल्स या सिगारेटच्या नावाने खेळली गेली. भारतीय खेळाडूंच्या अंगावरील हे नाव २००१ मध्ये कंपनीने माघार घेतल्यावर गेले आणि २००३ च्या कायद्याने तंबाखू कंपन्यांच्या क्रीडा-प्रायोजकत्वास बंदी घातली. त्यानंतर सुगंधी वेलची, पानमसाला अशा पर्यायी वस्तूंच्या नावांनी तीच बोधचिन्हे परतली. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने इंडियन प्रीमियर लीगच्या अध्यक्षांना पत्र लिहून स्पर्धेदरम्यान तंबाखू व मद्य यांच्या प्रत्यक्ष तसेच पर्यायी जाहिराती थांबविण्यास सांगितले. ज्या खेळात शासनाला असे पत्र लिहावे लागते, त्या खेळाने प्रेक्षकाला एक दिवस कर्करोगाचा रंग घालण्यास सांगणे यात विसंगती आहे. ती केवळ नैतिक विसंगती नाही. वर्षभर दिसणारी जाहिरात आणि एक दिवस दिसणारा रंग यांत प्रेक्षकाच्या मनावर कशाचा ठसा अधिक उमटेल, हे सांगण्यास संशोधनाची आवश्यकता नसावी.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राज्याने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. राज्याच्या राजकारणातील दोन मोठ्या नेत्यांना मुखाचा कर्करोग झाला. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्यांनी आपल्या व्यसनाविषयी जाहीरपणे सांगून तरुणांना सावध केले; आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी २०१५ मध्ये निधन झाले. पवार हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष राहिले, शिवाय कुस्ती व कबड्डीच्या संघटनांशीही त्यांचा दीर्घ संबंध आला. महाराष्ट्रातील खेळाच्या व्यासपीठावर मुखाच्या कर्करोगाचा इतका ओळखीचा, बोलणारा चेहरा उपलब्ध असताना तेथे परक्या रंगाची उसनवारी का करावी, असा प्रश्न पडतो.

प्रतीकाला किंमत केव्हा येते, याचे एक उदाहरण क्रिकेटच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये हरारे येथे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा यांनी झिंबाब्वेतील लोकशाहीच्या मृत्यूचा शोक म्हणून दंडाला काळ्या फिती बांधल्या. त्या फितींची किंमत दोघांनाही आपल्या कारकिर्दीने चुकवावी लागली. कर्करोगाचा रंग घालणाऱ्या प्रेक्षकाने किंवा संघाने असा त्याग करावा, अशी अपेक्षा अर्थातच नाही. परंतु एखाद्या संघाने पर्यायी जाहिरातीचा एक करार नाकारला, तर त्याच्या रंगाला जी विश्वासार्हता प्राप्त होईल, ती तीस हजार झेंड्यांनी होणार नाही.

बार्शीचा धडा

कर्करोगाविषयी जाणीव निर्माण केल्याने प्रत्यक्ष फरक पडतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सिडनीला जाण्याची गरज नाही. ते शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे मिळते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामात कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, संशयित रुग्णाला रुग्णालयाची वाट दाखवीत. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे आढळून आले आणि १९९५ मध्ये ते निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेला मोठा अभ्यास झाला. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर उद्धृत केला जातो. त्या अभ्यासातील तुलनागटाच्या नैतिकतेविषयी वादही झाला, तो स्वतंत्र विषय आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम येथील अभ्यासात तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांच्या तोंडाची नुसत्या नजरेने तपासणी केल्याने मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये दिसून आले.

बार्शीत जाणीव होती, रंग नव्हता. तेथे बोलणारा माणूस होता, तो पुन्हा पुन्हा येत होता आणि त्याच्या बोलण्याच्या शेवटी एका दवाखान्याचा पत्ता होता. उलट, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची, तर प्रत्येकी ०.९ टक्के स्त्रियांची स्तनांची व तोंडाची तपासणी कधी तरी झाली होती. त्या वेळेपर्यंत गुलाबी फीत भारतात येऊन बराच काळ लोटला होता. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. स्तन, मुख व गर्भाशयमुख हे तीन कर्करोग त्यांत आघाडीवर होते, आणि या तिन्हींच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना शासनाने २०१६ मध्येच निर्गमित केल्या होत्या.

व्यवस्थेवाचून केलेली जागृती केवळ निरुपयोगी ठरते असे नाही, ती घातकही ठरू शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या माहितीनुसार तेरा हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’, ही भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. या स्त्रियांना कर्करोगाची ‘जाणीव’ नव्हती, असे म्हणता येणार नाही. जाणीव होती. खात्री करून घेण्याची स्वस्त, विश्वासू जागा नव्हती, आणि त्या पोकळीत शस्त्रक्रिया शिरली.

श्रीगोंद्यातील प्रेक्षक

श्रीगोंदा हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, भीमा व घोडच्या काठचा, उसाचा आणि साखर कारखान्यांचा तालुका. येथील खेळाचे मैदान म्हणजे अहमदाबादचे स्टेडियम नव्हे. येथे यात्रेतील कुस्त्यांचा हगामा आहे, नेत्यांच्या नावाच्या चषकांसाठी होणाऱ्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा आहेत, कबड्डीचे सामने आहेत आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. रंगाचा प्रश्न येथे निराळे रूप घेतो. गावच्या क्रिकेट स्पर्धेत टी-शर्टचा रंग प्रायोजक ठरवितो आणि पाठीवर त्याचेच छायाचित्र असते. तेथे गुलाबी रंग कर्करोगाचा आहे की कोणाच्या प्रचाराचा, हा संभ्रम निर्माण होण्यास वेळ लागणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रेक्षक कोण आहे? हगाम्याच्या रिंगणाभोवती बसलेला प्रेक्षक बहुतांश पुरुष असतो आणि त्यातील अनेकांच्या हातावर मळलेली तंबाखू असते. ज्या स्त्रीच्या स्तनाच्या वा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गुलाबी रंग घालावयाचा, ती तेथे नसतेच. ती उसाच्या फडात, गोठ्यात किंवा घरी असते. आणि तिच्यापैकी अनेकींच्या दातांना सकाळी मिश्री लागलेली असते. गुलाबी रंग मिश्रीविषयी काहीही बोलत नाही. तेव्हा सिडनीचा रंग श्रीगोंद्यात आणावयाचा झाल्यास तो चुकीच्या प्रेक्षकाला, चुकीच्या रोगाविषयी, पत्त्यावाचून काही तरी सांगू लागतो. उलट हगाम्यातील पुरुषाला सांगण्याजोगी गोष्ट उघड आहे : तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पुरेसे न उघडणे. हे सांगण्यासाठी रंग लागत नाही. लागतो तो हलगी थांबल्यानंतरच्या मधल्या वेळेत ध्वनिक्षेपकावरून बोलणारा निवेदक, एक विजेरी आणि तोंड पाहता येणारा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी. निवेदकाचा शब्द या प्रेक्षकात किती चालतो, हे इनामाच्या बोली ऐकलेल्या कोणासही ठाऊक आहे. मल्लाने स्वतः, अंगाला माती लागलेली असताना, ‘तंबाखू सोडा’ असे दोन वाक्यांत सांगितले तर ते फेट्याच्या रंगापेक्षा दूर जाईल.

याचा अर्थ रंग सर्वथा त्याज्य ठरतो असे नाही. केस गळलेली, घराबाहेर पडणे टाळणारी एखादी रुग्ण स्त्री जेव्हा हजारो अपरिचित माणसे आपल्या रोगाचे नाव उघडपणे घेताना पाहते, तेव्हा तिला मिळणारा आधार आकडेवारीत मोजता येत नाही. आजही अनेक घरांत या रोगाचे नाव न घेता ‘मोठा आजार’ म्हटले जाते. ती कुजबुज मोडण्याचे सामर्थ्य मैदानावरील गर्दीत आहे. महाविद्यालयीन कबड्डीच्या मैदानावर मुलींचे संघ खेळतात, त्यांच्या मैत्रिणी व क्वचित माताही सामना पाहावयास येतात. तेथे गुलाबी रंगाला खरा श्रोता मिळू शकतो. मात्र विद्यार्थ्यांना नवे टी-शर्ट विकत घ्यावयास लावणे हे या उपक्रमाचे सर्वांत कमकुवत रूप होय. ऊसतोड कुटुंबातून आलेल्या मुलीला त्या दिवशी घरचाच एखादा गुलाबी रुमाल पुरेसा ठरावा.

गाडगेबाबांची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. त्यांच्या अंगावरील चिंध्या आणि हातातील खराटा ही महाराष्ट्राने पाहिलेली अत्यंत प्रभावी प्रतीके होत. पण गावात शिरताच खराटा प्रथम रस्त्यावर चालत असे, कीर्तन रात्री होत असे. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या गोरगरीब रुग्णांना आजही आसरा देते. १९४१ पासून कार्यरत असलेल्या त्या रुग्णालयाच्या दारात ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला पहिली चिंता पडते ती रात्री झोपावयाचे कोठे, याची. एखाद्या संघाच्या प्रेक्षकांनी रंगीत टी-शर्टाच्या किमतीइतकी रक्कम अशा निवासासाठी दिली, तर सिडनीच्या परिचारिकेइतकेच ठोस उत्तर त्यांच्यापाशी असेल.

महाविद्यालयांपुरते पाहिल्यास एक काम रंगाच्या आधी करता येण्याजोगे आहे. २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करता येत नाही. राज्यातील किती महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारासमोर ही १०० यार्ड मोकळी आहेत, हे प्रत्येक प्राध्यापकाला दररोज जाता-येता दिसते. टपरीवर पुडी फोडून मैदानात शिरणारा आणि तेथे गुलाबी फीत लावून टाळ्या वाजविणारा विद्यार्थी एकच असू शकतो. स्पर्धेच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी मैदानाच्या कडेला बसला, फीत लावण्यापूर्वी प्रत्येकाने तोंड उघडून दाखविले, आशा कार्यकर्तीने मुलींजवळ त्यांच्या आईसाठी तपासणीच्या दिवसाची चिठ्ठी दिली, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कोणत्या रुग्णालयात उपचार मिळतात त्याची यादी सूचनाफलकावर लागली, तर त्या दिवसाचा रंग कोणता होता याला दुय्यम महत्त्व उरेल. जिमखान्याच्या वार्षिक अहवालात अशा दिवसाचे छायाचित्र छापले जातेच; त्याच पानावर किती जणांचे तोंड तपासले, किती जणांना पुढील तपासणीस पाठविले आणि त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष गेले, हे तीन आकडेही छापण्याची प्रथा सुरू करावयास हरकत नाही.